काटा जागेवर होता

बेंगलोरला आल्यावर चौथ्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. मी दुसऱ्या दिवशीच्या परेडचे बूट घासत बसलो होतो आणि आतल्या खोलीतून थोरला ओरडला, "पप्पा, स्क्रीन फाटतेय!"

बूट टाकून आत गेलो. मॉनिटर धडधाकट होता. काच साबूत, कुठे चीर नाही. पोरगं स्टिअरिंग धरून बसलेलं.

"कुठं फाटलीय?"

"आता नाही दिसणार. वळणावर दिसते."

मंडळी, माझ्या डोक्यात स्क्रीन फाटणं म्हणजे एकच चित्र आहे. आम्ही खटाव तालुक्यातले. पुसेगावच्या यात्रेत लहानपणी तंबूतला सिनेमा बघायचो. डिसेंबरचा वारा सुटला की पांढरा पडदा फडफडायचा, आणि एका वर्षी ऐन मारामारीच्या सीनला तो मधोमध टरकला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, मालकानं सुई-दोरा आणून पडदा शिवला आणि पुढचा सिनेमा आम्ही हिरोच्या छातीवरच्या टाक्यांसकट बघितला. तेच मी पोराला सांगितलं आणि हसलो. तो हसला नाही. बारावीतली पोरं बापाच्या विनोदाला हसत नाहीत, हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल.

आधी हे स्टिअरिंग घरात आलं कसं ते सांगतो.

माझ्या नोकरीत पोराच्या वाट्याला मी फार थोडा आलो. तो पहिलीत असताना लेहला, चौथीत असताना राजस्थानात, आठवीत असताना पुन्हा वर. सुट्टीवर आलो की पहिले चार दिवस तो मला "अहो" म्हणायचा. शेवटची पोस्टिंग बेंगलोर मिळाली, एमटीच्या पोरांना गाडी शिकवायची ड्यूटी, फॅमिली क्वार्टर, बाजूलाच केंद्रीय विद्यालय. म्हटलं चला, दोन-अडीच वर्षं तरी एका छपराखाली काढू. तेव्हा त्यानं एकच गोष्ट मागितली, गेम खेळायला कॉम्प्युटर. हिचा विरोध होता. माझाही होता, पण मागणारा आणि देणारा यांच्यात इतक्या वर्षांची बाकी असली की देणाऱ्याचा हात सैल होतो.

टाऊन हॉलपाशी बसमधून उतरलं की एस. पी. रोड जवळच आहे. सादर पत्रप्पा रोड त्याचं पूर्ण नाव, पण ते कोणी घेत नाही. आपल्या पुण्याच्या तपकीर गल्लीसारखा प्रकार, मात्र दहापट. एका माणसानं जेमतेम उभं राहावं एवढी दुकानं आणि छतापर्यंत मदरबोर्ड, वायरी, पंखे. २०२२ चा शेवट होता. सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी नाण्याची पद्धत बदलली आणि ते नाणं ग्राफिक्स कार्डावर काढायचं काम एका दिवसात बंद पडलं. आधीची दोन वर्षं सोन्याच्या भावानं गेलेली कार्डं जुन्या बाजारात आली होती. दिवसरात्र राबवलेली कार्डं ती, खेचरासारखी. पोरानं एकेकाचे पंखे फिरवून, वास घेऊन एक निवडलं. मी गंमत बघत होतो. मी गाडी ताब्यात घेताना करतो तसंच तो करत होता. मॉनिटर मात्र साधा घेतला, साठ हर्ट्झचा. पैसे तिथं संपले. जुनं स्टिअरिंग आणि पेडल त्यानं कुणाकडून तरी आणलं आणि एमईएसच्या टेबलाला शिकंजानं आवळलं. क्वार्टर सोडताना त्या टेबलावरच्या खुणांचा हिशोब मला द्यायचा आहे, ते असो.

गेमचं नाव असेटो कोर्सा. इटलीतल्या कंपनीनं केलेला, २०१४ चा. हा बटणं दाबून गाड्या उडवण्याचा खेळ नाही. टायर तापतात, ब्रेक जास्त दाबला तर चाक लॉक होतं, पेट्रोल कमी झालं की गाडी हलकी लागते. पोरगा सांगायचा आणि मी "हं" म्हणायचो. बेंगलोरात या गोष्टीचं वेड आहे. इथल्याच मैनी घरातले दोघे भाऊ, अर्जुन आणि कुश, युरोपात खऱ्या गाड्या पळवतात. आमच्या पोराला युरोप नको होतं. त्याच्यासारख्याच वीस पोरांबरोबर शनिवारी रात्री ऑनलाइन रेस असायची, त्यात पहिल्या दहांत यायचं होतं.

आता हे फाटणं काय असतं. मला समजायला महिना लागला, तुम्हाला ड्रिलच्या भाषेत लवकर कळेल.

कार्ड चित्रं बनवतं आणि मॉनिटर ती दाखवतो. दोघांची घड्याळं वेगळी. साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. तो एका झटक्यात रंगवत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत उतरत येतो. कार्डाला त्याच्याशी देणंघेणं नाही. हलकं काम असेल तर ते सेकंदाला नव्वद चित्रं काढेल, जड असेल तर चाळीस. मॉनिटर अर्ध्यावर उतरलेला असताना कार्डानं नवीन चित्र हातात दिलं, तर वरचा अर्धा भाग जुन्या क्षणाचा आणि खालचा नव्या क्षणाचा. मधे आडवी रेघ. त्यालाच पोरं फाटणं म्हणतात.

तेज चलच्या मार्चला मिनिटाला १२० कदम पडतात आणि हुकुमाचा शेवटचा शब्द ठरलेल्या पायावरच यावा लागतो. नवा उस्ताद चुकून दोन पायांच्या मधे "मूड" म्हणाला की काय होतं ते आठवा. पुढची अर्धी पोरं वळतात, मागची अर्धी सरळ जातात. पोरांची चूक नसते, आणि हुकूमही चुकीचा नसतो. तो चुकीच्या वेळी आलेला असतो.

सरळ रस्त्यावर हे फारसं दिसत नाही, कारण सगळं समोरून अंगावर येतं. वळणावर सगळी दुनिया आडवी सरकते, तेव्हा विजेचा खांब मधोमध कापला जातो. कमरेवरचा खांब डावीकडे, खालचा उजवीकडे. पोरगा म्हणत होता ते खरं होतं. मला ते दिसत नव्हतं, एवढंच. माझी नजर दूर, वळणाच्या तोंडाशी असते. ड्रायव्हरची सवय.

तंबूतल्या सिनेमाला हा रोग नव्हता, आणि का नव्हता हे पोरानंच मला सांगितलं. फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी खाली ओढली जाते आणि ओढली जात असताना प्रोजेक्टरमधलं फिरतं पातं उजेड अडवतं. चित्र बदलताना आपल्याला दिसतच नाही. गेममध्ये हेच काम करणारी एक कळ आहे, व्ही-सिंक. ती चालू केली की कार्डाला हुकूम मिळतो: मॉनिटर वरून खाली पूर्ण उतरेपर्यंत थांब, मगच नवीन चित्र दे.

त्यानं ती चालू केली. फाटणं गेलं. मलासुद्धा फरक दिसला, चित्र तेल लावल्यासारखं सरकायला लागलं. मी म्हटलं, झालं समाधान? आता अभ्यास.

शनिवारी तो सतरावा आला. पुढच्या शनिवारी पहिल्याच वळणावर दुसऱ्याच्या बुडाला धडकला. हेडफोन काढून म्हणाला, "पप्पा, ब्रेक उशिरा लागतोय."

मी टेबलाजवळ गेलो, मोकळ्या ट्रॅकवर एक फेरी मारायला लावली. कोपऱ्यात आकडा दिसत होता, एफपीएस ६०. हलत नव्हता. पेडल दाबलं की गाडी थांबत होती.

"साठ आहे ना? पूर्ण आहे ना? मग ब्रेक कसा उशिरा लागेल? तूच उशिरा दाबतोयस. धडकला की गाडीचा दोष, जिंकला की माझा हात. रिक्रूटांचे असले बहाणे मी दिवसभर ऐकतो, घरी नको."

तो काही बोलला नाही. स्विच बंद करून झोपायला गेला. हिनं माझ्याकडे बघितलं, तीही काही बोलली नाही.

मला झोप लागली नाही. कारण ते वाक्य मी आधी एकदा ऐकलेलं होतं.

२००७ चा सप्टेंबर संपत आला होता. मी तेव्हा नाईक. लेहवरून रिकाम्या गाड्यांचा कॉन्व्हॉय मनालीकडे परत येत होता. रात्र सरचूला काढली. ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको, तिथं सप्टेंबरातसुद्धा बाटलीतलं पाणी सकाळपर्यंत दगड होतं. माझ्याकडे चार स्टॅलियन आणि त्यांचे ड्रायव्हर. त्यातला एक जत तालुक्यातला पोरगा, नोकरीला तीन वर्षं झालेला, हाताला चांगला.

सिव्हिलमधल्या वाचकांसाठी सांगतो. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन हवा दाबून टाकीत भरतं, पेडल दाबलं की ती हवा नळीतून चाकापर्यंत जाते आणि मग चाक धरलं जातं. यात क्षणभर जातोच. कारमधून थेट ट्रकवर आलेला माणूस पहिल्या दिवशी घाबरतो, आठ दिवसांत त्याच्या पायाला सवय होते, कारण तो उशीर रोज तेवढाच असतो. दाबलेल्या हवेतून टाकीत पाणी जमतं. म्हणून संध्याकाळी लास्ट परेडला टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढायचं असतं. नाही काढलं आणि रात्री थंडी पडली, तर ते गोठून व्हॉल्व्हमध्ये बसतं. मग हवा कधी नीट जाते, कधी अडखळत जाते.

त्या संध्याकाळी सरचूला वारा असा होता की कान सुन्न झाले. लास्ट परेड झाली म्हणून मी सही केली. चारही गाड्यांचं पाणी निघालं का, हे खाली वाकून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारालाचा चढून वर थांबलो. हॉल्ट परेड. जतचा पोरगा माझ्याकडे आला. "उस्ताद, ब्रेक कधी कधी उशिरा लागतोय."

"कधी कधी म्हणजे?"

"एकदा नीट लागतो. मग एकदा दाबतो तर लगेच धरत नाही."

मी त्याच्या केबिनमध्ये चढलो. प्रेशरचा काटा जागेवर होता. उभ्या गाडीत चार वेळा पेडल दाबलं, चारही वेळा सोडल्यावर फुस्स आवाज बरोबर आला. खाली उतरलो आणि म्हणालो, "ब्रेक बरोबर आहे. थंडीनं तुझा पायच उशिरा हलतोय." बाकीचे तिघं हसले. तोही हसला. ज्युनिअर माणूस काय करणार.

सूरजतालच्या पुढं उतारावर दुसऱ्या की तिसऱ्या वळणाला त्याचा ब्रेक धरला नाही. खालच्या गिअरमध्ये होता, वेग कमी होता, आणि डोकं जागेवर ठेवून त्यानं गाडी दरीच्या अंगाला जाऊ न देता डोंगरावर घातली. को-ड्रायव्हर खरचटण्यावर सुटला. त्याचा डावा पाय पेडलांमध्ये सापडला. दोन ठिकाणी मोडला. पुढं मेडिकल कॅटेगरी उतरली, गाडी सुटली, काही वर्षांनी तो घरी गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला विचारलं, हॉल्टला गाडी तपासली होती का? मी म्हणालो, होय, प्रेशर पूर्ण होतं. ते खरं होतं. त्यानं आधी येऊन सांगितलं होतं का, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्यानंही सांगितलं नाही, आणि त्यानं का सांगितलं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मी त्याचा उस्ताद होतो.

बेंगलोरच्या त्या रात्री दोन वाजता मी उठलो, पोराच्या खोलीत गेलो आणि त्याला हलवलं. "ऊठ. कसा उशिरा लागतोय ते दाखव."

तो आधी घाबरला. मग डोळे चोळत म्हणाला, "एकटा असताना नाही लागत. वीस गाड्या लावून बघा."

उभ्या गाडीत पेडल दाबून बघण्याचीच चूक मी दुसऱ्यांदा केली होती, बरं का.

त्यानं मला सीटवर बसवलं. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक लावला, नॉर्डश्लाइफ म्हणतात त्याला. १९२७ चा, जंगलातून चढत-उतरत जाणारा २०.८ किलोमीटरचा रस्ता, वळणं सत्तरच्या वर. मला तो पसरणी घाटासारखा वाटला, एसटी आणि माकडं वजा केली की झालं. आधी एकट्यानं चालवला. पाच मिनिटांत पायाला गाडी कळली. ब्रेकला थोडा उशीर आहे हे जाणवलं, पण तो सगळीकडे सारखाच होता. माझ्या जुन्या स्टॅलियनपेक्षा बराच कमी. म्हटलं, याला काय झालंय?

मग त्यानं एकोणीस गाड्या सोडल्या. पहिल्या वळणाला सगळ्या एकत्र घुसल्या, धूळ, सावल्या, आरशात गाड्या. मी नेहमीच्या जागी ब्रेक दाबला. पाय खाली गेला आणि गाडी पुढंच जात राहिली. कमी वेळ गेला, डोळ्याची पापणी लवेल एवढाही नाही. पण तो आधीच्या फेरीतला उशीर नव्हता. पुढच्या वळणाला पुन्हा जुना उशीर. त्याच्या पुढं पुन्हा नवा. माझ्या पोटात कालवलं, खरोखरच मळमळलं. हाताला स्टिअरिंगचा धक्का आधी येत होता आणि डोळ्याला वळण नंतर दिसत होतं. पोरानं कारण सांगितलं: गाडीचं गणित गेममध्ये चित्रांपासून वेगळं चालतं, सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा, आणि हाताला बसणारा धक्का त्या गणितातून येतो. मागं पडतं ते फक्त चित्र.

आणि मागं पडण्याची तऱ्हा अशी. व्ही-सिंकमध्ये कार्डाला मॉनिटरच्या पायावर पाय टाकायचा असतो. एक चित्र १६.७ मिलिसेकंदांत झालं नाही, वीस लागले, तर ते त्या कदमावर चुकलं. आता पुढच्या कदमापर्यंत थांबायचं, म्हणजे ३३ मिलिसेकंद. चित्रं ठेवायला दोनच जागा असतील तर कार्डाचं पुढचं कामही तेवढा वेळ अडतं. साठवरून पन्नासला येत नाही, थेट तीसला पडतं. त्यात दोन-तीन चित्रं रांगेत उभी असली तर दहावा हिस्सा सेकंद गेला. गाडी ताशी १८० वर असेल तर सेकंदाला ५० मीटर जाते. दहाव्या हिश्श्यात पाच मीटर. पोरगा ज्या गाडीच्या बुडाला धडकला ती त्याच्यापुढं पाच मीटर नव्हती.

"पण आकडा साठ दाखवतो," मी म्हटलं.

"आकडा सेकंदाचा असतो, पप्पा. सेकंदात ५४ चित्रं वेळेवर आली आणि एकच चित्र दहावा हिस्सा सेकंद अडकलं, तरी आकडा ५५ दाखवणार. पाचच कमी झाल्यासारखं वाटतं."

प्रेशरचा काटा टाकीतली हवा दाखवतो. चाकापर्यंत किती पोचली हे दाखवत नाही. मी पोराला तेव्हाच बारालाचाची गोष्ट सांगितली, सगळी, इन्क्वायरीसकट. रात्रीचे तीन वाजले होते. त्यानं मधे एकही शब्द टाकला नाही. शेवटी विचारलं, "ते काका आता कुठं असतात?" मी म्हटलं, जतकडंच, पिठाची गिरणी आहे म्हणतात.

"म्हणतात म्हणजे?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघांनी मिळून ती गाडी दुरुस्त केली. मी गाडीच म्हणणार. पहिलं काम, चित्रांचा एकूण आकडा बंद करून एकेका चित्राला किती वेळ लागतो त्याची रेघ स्क्रीनवर लावली. रेघ सपाट तर ठीक, दात आले की तिथं काहीतरी अडतंय. मग एकेक ओझं उतरवत गेलो. सावल्या कमी केल्या, दात कमी झाले. आरशातलं चित्र बारीक केलं, आणखी कमी. गाडीच्या पत्र्यावर आजूबाजूचं प्रतिबिंब पडतं, ते दर चित्राला नव्यानं काढलं जातं, तेही उतरवलं. पत्रा मळका दिसायला लागला. फौजी गाडीचा पत्रा तसाच असतो, मी त्याला सांगितलं. या वेळी हसला.

एवढं करूनही वीस गाड्यांत रेघेला एखादा दात राहायचाच. मग त्यानं जे केलं त्याचं मला नवल वाटलं. व्ही-सिंक बंद केलं. म्हणजे फाटणं परत आलं, ज्याच्यासाठी त्यानं पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं.

"आता फाटलेलं चालतं?"

"फाटलेल्या चित्राचा खालचा भाग तरी आत्ताचा असतो. ते अख्खं असायचं, पण मगाचचं."

मला हे पटायला वेळ लागला नाही. धुक्यात समोरच्या गाडीचा एकच लाल दिवा दिसला तरी चालतो, तो आत्ताचा असावा. गॅलरीत बसून बघणाऱ्याला अख्खं चित्र हवं असतं, स्टिअरिंग धरणाऱ्याचं तसं नाही. आणि उशीरच असेल तर तो एकसारखा असावा, माणूस त्याच्याशी जुळवून घेतो. एकदा असा आणि एकदा तसा असेल तर कितीही चांगल्या ड्रायव्हरचा पाय फसतो. हे मी रिक्रूटांना इतकी वर्षं शिकवत होतो, हवेच्या ब्रेकबद्दल.

दिवाळीनंतर एरिअर्स आले आणि आम्ही पुन्हा एस. पी. रोडला गेलो, मॉनिटरसाठी. याचा इलाज दहा-एक वर्षांपूर्वी निघालेला आहे. २०१३ मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक आणलं, २०१५ मध्ये एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर आले. आतापर्यंत कार्ड मॉनिटरसाठी थांबत होतं, यात मॉनिटर कार्डासाठी थांबतो. चित्र तयार झालं की तो रंगवायला सुरुवात करतो, मग १२ मिलिसेकंद लागोत की १९. म्हणजे उस्तादानं आपल्या घड्याळावर हुकूम न देता स्क्वॉडच्या पायाकडं बघून दिला. त्याला हद्द आहे, आम्ही घेतलेल्या जुन्या मॉनिटरची ४८ ते १४४. सेकंदाला ४८ च्या खाली चित्रं गेली की ती हद्द सुटते, म्हणून ओझं उतरवण्याचं काम वाया गेलं नाही. गंमत अशी की ज्या शहरात आम्ही गल्लीबोळांतून जुनं सामान शोधत होतो, त्याच शहरात एएमडीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आपलं जगातलं सर्वात मोठं डिझाइन केंद्र उघडलं. आमच्या महिन्यातलीच बातमी ती.

घरी आणून जोडला तर पहिले दोन तास जसंच्या तसं फाटत होतं. पोरानं कॉम्प्युटरमधल्या सगळ्या सेटिंग तपासल्या. शेवटी मी मॉनिटरच्या मागची बटणं दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू काढला. तिथं ही सोय बंदच होती. दुकानातून आलेली गाडी आधी स्वतः फिरून बघावी, कागदावर जाऊ नये. एवढं एक काम मी केलं, तेवढं माझ्या नावावर राहू द्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तो नववा आला. रविवारी सकाळी मी जतच्या नंबरावर फोन लावला. नंबर मिळवायलाच आठवडा गेला होता, आमच्या एका जुन्या क्लार्कसाहेबांनी दिला.

"कोण?"

मी नाव सांगितलं. पलीकडं गिरणीचा आवाज होता, तो बंद झाला.

"उस्ताद? बरं आहे ना सगळं?"

म्हटलं, बरं आहे. मग मी पाठ करून ठेवलेलं बोललो. बारालाचाला तू येऊन सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही, वरून हसलो. लास्ट परेडला पाणी निघालं का ते मी बघितलं नव्हतं. इन्क्वायरीत मी बोलायला हवं होतं.

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "उस्ताद, पाणी मीच काढलं नव्हतं. बोटं चालत नव्हती." थोडं थांबून पुढं म्हणाला, "पण सांगितलं होतं मी. ते खरं आहे."

"होय. सांगितलं होतंस."

"सोळा वर्षं झाली. आज काय काढलं मधेच?"

मी त्याला पोराची गोष्ट सांगितली. गेममधल्या गाडीचा ब्रेक, म्हटल्यावर तो हसला, आणि मला दाखवा म्हणाला. व्हिडिओ कॉल लावला. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया, चेहरा भरलेला. ओळखला नसता मी. पोरानं मोबाइल मॉनिटरसमोर धरायला मला दिला आणि नॉर्डश्लाइफ सुरू केला. तो पलीकडून बघत होता, "आता धर, आता धर," म्हणत होता, आणि पोरगं बरोबर तिथंच ब्रेक धरत होतं.

मग एका लांब वळणावर तो म्हणाला, "अरे, चित्र तुटतंय की तुझं. मधे रेघ येतेय."

पोरगा हात न सोडता ओरडला, "काका, ते तुमच्याकडं दिसतंय. मोबाइलचा कॅमेरा वेगळ्या टायमावर चालतो ना. इकडं नीट आहे!"

"बघ बाबा, नीट तपास," तो म्हणाला. "आणि उस्ताद, जरा मोबाइल खाली करा. त्याचा पाय दाखवा मला."

मी मोबाइल टेबलाखाली पेडलपाशी नेला आणि फेरी संपेपर्यंत तिथंच धरून बसलो.